पाऊल उचलल्यावर

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, तिच्या टोकाला सुती फडक्याची घडी बांधून ती बाजूला सारल्याला दहा मिनिटे होऊन गेली होती, तरी आमचे यजमान स्टिअरिंगला हात लावावयास तयार नव्हते. स्टिअरिंगच्या मधल्या गोलात घडी घालून बसवलेली एअरबॅग उलगडण्यापुरती वीज बॅटरी तोडल्यानंतरही काही काळ शिल्लक राहते आणि म्हणून निदान ९० सेकंद थांबावे, अशी सूचना टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत आहे. ती त्यांना मुखोद्गत होती, परंतु साऱ्या वाक्यातल्या 'निदान' ह्या एका शब्दाला ते सर्वांत अधिक मान देत होते. "आज घाई नाही. चहा होऊ द्या," असे म्हणून त्यांनी दोन खुर्च्या पुढे ओढल्या, आणि सहकारनगरातल्या एका जुन्या इमारतीच्या वाहनतळावर, रविवारच्या कोवळ्या उन्हात, चारही दारे उघडी टाकलेल्या एका मोटारीसमोर आम्ही बसून राहिलो.

'घरचे हात' हा ह्या वर्षीच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा वाळवणे, गोधड्या, मातीच्या मूर्ती ह्यांकडे सहजच मन गेले. परंतु कारखान्याने मोहोरबंद करून दिलेली, आत संगणक बसवलेली मोटार स्वतःच्या जबाबदारीवर उघडून तिला एक नवे अंग जोडणारे हात कसे काम करतात, हे पाहावे अशी इच्छा मला पुष्कळ दिवसांची होती. मोटारचालकाने एकदा वेग ठरवून द्यावा, पाऊल उचलून घ्यावे आणि पुढे चढ असो वा समोरचा वारा, गाडीने तो वेग आपला आपण राखावा, ह्या व्यवस्थेला क्रूझ कंट्रोल म्हणतात. नव्या गाड्यांना ती पुष्कळदा कारखान्यातूनच मिळते. आमच्या यजमानांची गाडी मात्र २०१० सालची, साध्या गिअरची कोरोला अल्टिस होती आणि तिला ती नव्हती.

यजमानांना सारी इमारत काका म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचा सारा सेवाकाळ गेला. मुलगी नागपूरला असते, आणि उजवा गुडघा गेली काही वर्षे त्यांना साथ देत नाही. गाडी चालवताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाऊल एकाच कोनात तासन्‌तास तोलून धरावे लागते. त्या धरून ठेवण्यानेच गुडघा आखडतो, चालवण्याने नव्हे, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले. गाडी विकून नवी घ्यावी हा मुलीचा आग्रह त्यांनी मानला नाही. चहाचा पेला खाली ठेवता ठेवता ते मला म्हणाले, "वेग धरायला ही यंत्रं लगेच शिकतात. मी तपासणार आहे ते ती सोडतात कशी हे." त्या वाक्याचा अर्थ पुरता समजावयास मला पुढचे तीन आठवडे लागले.

गिरणीतला गव्हर्नर

ह्या यंत्राचे मूळ तत्त्व मी फार लहानपणी, मोटारीत बसण्याच्याही आधी, आजोळच्या पिठाच्या गिरणीत ऐकले होते. डिझेलवर चालणारे ते एका सिलिंडरचे इंजिन बाहेरच्या पडवीत ठरलेल्या तालावर धडधडत असे; गिरणीवाल्याने वरच्या नरसाळ्यात बाजरीची पाटी रिती केली की जात्यावर भार येऊन ताल क्षणभर बसे, आवाज घोगरा होई, आणि कोणीही हात न लावता दोन-चार ठोक्यांत तो पूर्ववत उभा राही. दाणे संपत आले की उलट प्रकार घडे. इंजिन उधळू लागे न लागे तोच कोणीतरी त्याला आवरी. हे आवरणारे कोण, असे विचारल्यावर आजोबांनी 'गव्हर्नर' असे उत्तर दिले होते. महाराष्ट्राच्या ज्या शेतकऱ्याने विहिरीवर ऑइल इंजिन चालवले आहे, त्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. फिरत्या दांड्यावर बसवलेली वजने वेग वाढला की बाहेर फाकतात आणि इंधनाची वाट आखडतात, वेग उतरला की आत मिटतात आणि ती मोकळी करतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये हीच युक्ती वाफेच्या इंजिनाला लावली, आणि तीही पवनचक्क्यांत आधी रूढ असलेल्या एका योजनेवरून.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण घरी प्रयोग करणाऱ्यांची पहिली गफलत तेथेच होते. जुन्या विलीज जीपच्या फळीवर हाताने ओढावयाची एक मूठ असे. ती ओढून ठेवली की इंजिनाची वाट तितकीच उघडी राही. ही व्यवस्था वाट धरून ठेवते, वेग नव्हे. सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्याच उघडीपीवर चढाला लागली तर रखडेल, उताराला लागली तर सुसाट सुटेल. वेग राखावयाचा तर प्रत्यक्ष वेग किती आहे हे सतत मोजावे लागते, ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहावे लागते आणि त्या अंतराप्रमाणे वाट कमीअधिक करावी लागते. ही दुरुस्ती फार जोरकस झाली तर गाडी पुढे-मागे हेलकावे खाऊ लागते, फार सौम्य झाली तर चढावर मागे पडते. वॉटच्या गव्हर्नरांनाही हेलकाव्यांचा हा विकार होता, आणि त्याची गणिती चिकित्सा जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या थोर पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये एका स्वतंत्र निबंधात केली. आज नियंत्रणशास्त्र म्हणून जी विद्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाते, तिचा आरंभ पुष्कळजण त्या निबंधापासून धरतात.

पावलाशी बोलणारे यंत्र

मोटारीला हे तत्त्व ज्याने आजच्या रूपाच्या जवळ नेऊन लावले, तो राल्फ टीटर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॅगर्सटाऊन ह्या लहानशा गावचा. जन्म १८९० चा. पाचव्या वर्षी एका अपघातात त्याची दृष्टी गेली आणि ती पुन्हा कधी आली नाही. तरी त्याने पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळवली, पहिल्या महायुद्धात नाविक दलाच्या जहाजांच्या टर्बाइनचे फिरते भाग समतोल करण्याच्या अवघड कामात बोटांच्या स्पर्शज्ञानाने भर घातली, पिस्टनच्या कड्या बनवणाऱ्या घराण्याच्या कारखान्याची धुरा वाहिली आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग उतरे आणि ऐकू लागला की वेग चढे. त्या हिसक्यांनी त्रासून टीटरने ह्या शोधाचा ध्यास घेतला, अशी कथा सांगतात. जो रस्ता पाहू शकत नाही त्याला गाडीतला प्रत्येक हिसका पाठीच्या कण्यात कळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ती कथा विश्वसनीय वाटते.

त्याच्या यंत्राला अमेरिकन पेटंट मिळाले १९५० मध्ये, आणि त्या पेटंटाच्या शीर्षकातच अ‍ॅक्सिलरेटरला विरोध करणाऱ्या योजनेचा उल्लेख आहे. ठरवलेला वेग आला की पेडल चालकाच्या पावलाला उलट रेटा देई. डोळे रस्त्यावरून न काढता, काट्याकडे न पाहता, केवळ तळव्याला कळावे की मर्यादा आली, अशी ती योजना होती. वेग आपोआप धरून ठेवण्याची सोय त्याच कल्पनेवर पुढे चढली. 'स्पीडोस्टॅट' हे त्याचे एक नाव. १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या महागड्या गाड्यांत ते 'ऑटो-पायलट' म्हणून देऊ केले. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकने रूढ केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्याचा विचार घरोघर शिरला आणि अमेरिकेत ते लोकप्रिय झाले. मला ह्या इतिहासातला पहिला टप्पाच अधिक मोलाचा वाटतो. दृष्टिहीन माणसाने चालकाच्या हातातली सत्ता काढून घेणारे यंत्र आरंभी योजले नव्हते. त्याने चालकाच्या पावलाला एक खूण दिली होती.

नाना पेठेतला काळा डबा

काकांची गाडी संगणकाची, तिच्यात काम करणारे अंग डोळ्यांना दिसत नाही; ते दिसावे म्हणून त्यांनी मला नाना पेठेच्या आडोशाला असलेल्या एका गॅरेजात नेले. मोटारींच्या सुट्या भागांची पुण्यातली पेठ ती हीच. तेथले उस्ताद सत्तरीला टेकलेले आहेत, आणि फळीवरून उतरवून त्यांनी माझ्या हाती दिला तो नारळाएवढा काळा डबा एका परदेशी गाडीच्या भंगारातून कुर्ल्याला मिळालेला होता. त्याच्या जोडीचाच दुसरा त्यांनी पूर्वी एका गिऱ्हाईकाच्या कॉन्टेसाला बसवून दिला होता.

डब्याच्या एका अंगाला रबराचा पडदा, पडद्याच्या मध्यातून निघालेली मण्यांची बारीक साखळी, दुसऱ्या अंगाला नळी. उस्तादांनी ब्रेकचे तेल ओढावयाचा हातपंप त्या नळीला लावून दोन दट्टे मारले, आणि पडदा आत खेचला जाऊन साखळी बोटभर ओढली गेली. जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत लोखंडी केबल असते. ही साखळी तिच्या जोडीने इंजिनाच्या त्याच तरफेला बांधावयाची. साखळीच का, दांडा का नाही, असे मी विचारले. "साहेब, साखळी ओढते, ढकलत नाही," उस्ताद म्हणाले. "चालकाला आणखी पळवायचं असेल तर तो पेडल दाबेल, साखळी सैल पडेल, आडवी येणार नाही." ओढण्यासाठी लागणारी निर्वात शक्ती इंजिनाच्या इनटेकमधून फुकट मिळते, परंतु चढावर इंजिनाची वाट जसजशी उघडते तसतशी ती क्षीण होते, म्हणजे जेव्हा तिची खरी गरज तेव्हाच ती आटते. यास्तव वाटेत एकमार्गी झडप घालून निर्वात साठवणारी एक टाकी लावावी लागते. टाकी न लावता कात्रजच्या घाटात गाडी नेली की डब्याचा दम सुटतो, हे त्यांनी अनुभवाने सांगितले. वेग मोजण्यासाठी त्यांनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर लोहचुंबक बसवले होते आणि शेजारी तारेचे वेटोळे. चुंबक जितक्या वेळा समोरून जाईल तितके विजेचे ठोके, आणि ठोक्यांच्या गतीवरून वेग.

आणि मग सोडणे. डब्याला ओढणारी झडप एक, आणि सोडणाऱ्या दोन. त्यांपैकी एक हळूहळू सोडते, वेग राखण्यासाठी. दुसरी एकदम, आणि तिची वीज ब्रेक दाबताच तुटते. ही विजेची वाट झाली. परंतु तार कधी अडकेल, संपर्क कधी चिकटेल, म्हणून एक स्वतंत्र नळी थेट ब्रेकच्या पेडलापाशी नेऊन तेथे एक साधे बूच लावलेले असते; पेडल खाली गेले की बूच निघते, बाहेरची हवा आत शिरते आणि पडदा सैल पडतो. तेथे विजेचा संबंधच नाही. माझ्या मनात आगगाडीची साखळी आली. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्यांत प्रवाशाने साखळी ओढली की नळात हवा शिरत असे आणि गाडी थांबत असे. दोन डब्यांमधला नळ तुटला तरीही तेच होई. बिघाडाची परिणती थांबण्यात व्हावी, चालत राहण्यात नव्हे, ही दृष्टी तीच.

उस्तादांनी सांगितलेली एक हकीकत मी मुद्दाम टिपून घेतली. त्या कॉन्टेसाचे क्रूझ कंट्रोल एके दिवशी मुळीच धरेना. साखळी, नळी, चुंबक, सारे तपासून दोन दिवस गेले. शेवटी कळले की मालकाने हौसेने मागचे ब्रेकचे बल्ब काढून एलईडी बसवले होते. यंत्राची मेख अशी की ब्रेकच्या दिव्यांची तारच त्याच्या सोडण्याच्या यंत्रणेत गुंतवलेली असते. ब्रेक दाबलेला नसताना त्या तारेला बल्बच्या तंतूमधून जमिनीची वाट मिळते, आणि ती मिळते आहे ह्याची खात्री पटल्याशिवाय यंत्र वेग धरावयाचे नाकारते. तंतू जळाले, किंवा त्यांच्या जागी निराळ्या जातीचा दिवा आला, की ती खात्री संपली.

एक तार, चार निरोप

काकांच्या गाडीत केबल नाही. पेडल दाबले की एक विद्युत्संदेश संगणकाकडे जातो, संगणक इंजिनाच्या वाटेवरची चकती एका लहान मोटरने फिरवतो. म्हणजे पेडल हा केवळ अर्ज, हुकूम संगणकाचा. अर्जाची शहानिशा करण्यासाठी पेडलला एकाऐवजी दोन संवेदक असतात आणि दोघांची जबानी जुळावी लागते. जेथे वाट फिरवणारा हात आधीच संगणकाच्या ताब्यात आहे, तेथे वेग राखण्यासाठी निराळा डबा, साखळी, चुंबक काहीच नको. हवी फक्त संगणकाला सांगण्याची सोय. ह्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कारखाना क्रूझ कंट्रोल देत असे, आणि काकांच्या गाडीच्या संगणकातही ती विद्या सुप्त होती. सगळ्या गाड्यांत असे असते असे समजून कोणी खरेदीला निघू नये. काकांनी आधी वायरिंगचा नकाशा मिळवून, संगणकाच्या जोडणीतली त्यासाठीची एक तार स्टिअरिंगपर्यंत आलेली आहे ह्याची मल्टिमीटरने खात्री करून घेतली, आणि मगच कुर्ल्याच्या बाजारातून क्रूझ कंट्रोलची वापरलेली दांडी मागवली.

ती दांडी तर्जनीएवढी. तिच्यातून निघतात दोनच तारा, आणि निरोप मात्र चार: यंत्र जागे कर, हा वेग धर, मघाचा वेग पुन्हा धर, सोड. प्रत्येक निरोपाला आत निराळा विद्युत्‌रोध बसवलेला असतो. जागे करण्याला शून्य, पुन्हा धरण्याला सुमारे २४० ओहम, धरण्याला ६३०, सोडण्याला १,५४०. त्याच एका तारेवर कोणता रोध आला हे पाहून संगणक निरोप ओळखतो. काकांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दांडी ठेवून प्रत्येक दाबाला आकडा वाचला आणि काकूंनी तो वहीत लिहिला. स्टिअरिंगच्या खालच्या आवरणाला दांडीपुरते भोक हवे होते. ते पाडण्यासाठी टूलरूमचा हा माणूस दोन संध्याकाळी कानस घेऊन बसला होता, आणि आता ते आवरण कारखान्यातून तसेच आल्यासारखे दिसत होते.

चहा झाल्यावर काम सुरू झाले, आणि ते अर्ध्या तासात आटोपले. पुढची चाके सरळ. स्टिअरिंगच्या दोन्ही कुशींतले ताराकृती स्क्रू ढिले करून एअरबॅग बाहेर आली. तिचा पिवळा जोड सोडवून काकांनी ती मागच्या सतरंजीवर, मुखवटा आकाशाकडे करून ठेवली. उपडी ठेवली आणि दुर्दैवाने उलगडली तर ती स्वतःच गोळ्यासारखी वर उडते, म्हणून ही तजवीज. आत क्लॉक स्प्रिंग म्हणतात ती चपट्या तारेची गुंडाळी होती, जी चाक कितीही फिरले तरी विजेचा धागा तुटू देत नाही. तिच्या रिकाम्या खाचेत दांडीच्या दोन तारा बसल्या, दोन स्क्रूंनी दांडी बसली, एअरबॅग परत गेली, बॅटरी जोडली. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा तांबडा दिवा सुमारे सहा सेकंद पेटून विझला. म्हणजे ते अंग सुखरूप. मग काकांनी दांडीचे टोक दाबले आणि काट्यांच्या मधोमध हिरवा दिवा लागला. काकू गॅलरीतून पाहत होत्या. त्यांनी टाळी वाजवली.

दुपारी रस्त्यावर मात्र यंत्राने वेग धरला नाही. दिवा लागे, दांडी दाबली की काही घडत नसे. काकांनी त्या रात्री नकाशा पुन्हा उलगडला आणि त्यांना कारण सापडले. साध्या गिअरच्या गाडीत क्लचच्या पेडलवर एक बटण असावे लागते. पाय क्लचवर नाही तोवर त्यातून वीज वाहते, आणि ती पोचते तोवरच संगणक वेग धरावयास राजी असतो. काकांच्या गाडीत ते बटण नव्हतेच. एका परिचिताने त्यांना फोनवर सोपा तोडगा सुचवला, की त्या दोन तारा कायमच्या जोडून टाकाव्यात. तसे केले असते तर यंत्र त्याच दिवशी चालले असते. परंतु मग ८० च्या वेगात क्लच दाबताच संगणकाला एवढेच दिसले असते की वेग उतरतो आहे. त्याने इंजिनाची वाट पुरती उघडली असती, आणि चाकांपासून सुटलेले इंजिन किंचाळत तांबड्या रेषेपार गेले असते. काकांनी तो तोडगा तत्काळ फेटाळला. योग्य बटण मिळावयास, ते पेडलच्या कंसावर नीट समायोजित करावयास आणखी दोन आठवडे गेले, आणि ह्या दोन आठवड्यांबद्दल मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो त्या सुबक भोकाबद्दल वाटणाऱ्या आदराहून अधिक आहे.

ब्रेकचे बटण मात्र गाडीत आधीपासूनच होते, आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्याच्या पोटात दोन संपर्क असतात. पेडल दाबले की एक जुळतो आणि दुसरा तुटतो. दोन्ही साक्षी संगणकाकडे जातात. एकाने 'दाबला' म्हणावे आणि दुसऱ्याने 'नाही', असे झाले तर कोण खरे बोलतो ह्याच्या चौकशीत संगणक पडत नाही. धरलेला वेग बरखास्त करतो.

यवतच्या पुढे

तिसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही सोलापूर रस्त्याने निघालो. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागे पडेपर्यंत काकांनी दांडीला स्पर्श केला नाही. यवतच्या पुढे रस्ता मोकळा झाला, उजाडले, मागे-पुढे गाडी नव्हती. तेव्हा ६० च्या वेगाला त्यांनी दांडी खाली दाबली आणि पाऊल उचलून चवड्यावर, ब्रेकच्या अगदी समोर आणून ठेवले. मला वाटले होते की काही तरी जाणवेल. काहीच जाणवले नाही. काटा ६० वर उभा राहिला. पुढे एका उड्डाणपुलाचा चढ आला, इंजिनाचा स्वर खर्जात उतरला, काटा केसभर मागे गेला आणि परत आला. गिरणीत बाजरीची पाटी पडल्यावर व्हायचे तेच, फक्त फार मऊ. पेडल सारा वेळ वरच होते. उस्तादांच्या कॉन्टेसात ते अदृश्य पावलाने दाबल्यासारखे आपले आपण खाली-वर होते. येथे त्याची गरजच नाही.

काकूंच्या मांडीवर वही होती. काकांनी वेग धरण्याची परीक्षा तेवढ्यावर संपवली आणि सोडण्याच्या परीक्षेला आरंभ केला, आणि ती चाळीस मिनिटे चालली. ब्रेकला अंगठ्याने नुसता स्पर्श, गाडी मंदावण्याइतकाही नव्हे: सोडले. क्लच अर्धा: सोडले, इंजिन उधळले नाही. दांडी स्वतःकडे ओढून: सोडले. टोक दाबून यंत्रच झोपवून: सोडले, आणि मघाचा वेग विसरले, जसे विसरावयास हवे. ह्या यंत्राला ताशी ४० च्या खाली वेग धरता येत नाही, आणि ठरवलेल्या वेगाहून गाडी सुमारे १६ किलोमीटरने मागे पडली तर ते आपण होऊन हात काढून घेते. तेही त्यांनी पाहून घेतले. प्रत्येक प्रकार तीनदा. वहीत काकूंनी प्रत्येक ओळीपुढे तीन रेघा ओढल्या. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी आम्ही थांबलो तेव्हा काकांनी खाली उतरून गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि त्याविषयी एक शब्दही न बोलता ते चहाच्या टपरीकडे चालू लागले.

समृद्धीचा रस्ता

कायद्याची बाब काकांनी दुर्लक्षिली नव्हती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. ह्या कलमाच्या कसोटीवर आपले काम त्यांनी आरंभीच तपासून पाहिले, त्याच कंपनीने त्याच गाडीच्या प्रकारासाठी बनवलेला भागच वापरला, पावत्या जपल्या आणि विमा कंपनीला लेखी कळवले. प्रत्येकाने हे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अपघातानंतरच्या पत्रव्यवहारात हे कागदच बोलतात.

आता त्यांना जावयाचे होते नागपूरला, म्हणजे संभाजीनगरपासून पुढे समृद्धी महामार्गाने. ७०१ किलोमीटरच्या ह्या काँक्रीटच्या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. सपाटीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. क्रूझ कंट्रोलला ह्याहून अनुकूल रस्ता महाराष्ट्रात नाही, आणि ह्याहून अधिक सावध राहावे असाही नाही. सरळ, एकसारखा, वळणांविना पुढे जाणारा रस्ता मनाला गुंगी आणतो. पावलाला काम असते तोवर शरीराचा एक तरी भाग जागा असतो, आणि आपण ह्या यंत्राने नेमका तोच भाग रिकामा करतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: पाऊल मोकळे असले की वेग नकळत वाढत जात नाही, आणि थकवा कमी असला की डोळे अधिक वेळ उघडे राहतात. दोन्हींचा हिशेब मांडून मी काकांच्या बाजूचा आहे, परंतु त्यांच्या नियमांसकट. वेग १०० च्या वर ठरवावयाचा नाही. दीड तासाने उतरायचेच. पावसात यंत्र बंद, कारण चाक पाण्यावर घसरले तर संगणकाला रस्ता कळत नाही, केवळ चाकाचे फिरणे कळते. घाटात बंद, कारण ह्या जातीचे यंत्र ब्रेक लावत नाही आणि उतारावर गाडी ठरवलेल्या वेगापुढे जाऊ शकते. डोळा जड झाला तर बंद, आणि गाडीही बंद.

ते दोघे दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरला सुखरूप पोचले. गुडघ्याविषयी काकूंनीच फोनवर सांगितले: उतरल्यावर आधार लागला नाही.

हे काम घरी करावे अशी ज्यांना इच्छा होईल, त्यांना माझी एक विनंती आहे. दांडी, डबा, नकाशा ह्यांच्या मागे लागण्याआधी आज संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करावे, ब्रेकवर पाऊल ठेवावे आणि किती दिवे लागले ते विचारावे. काकांनी ह्या साऱ्या उद्योगाचा आरंभ तेथूनच केला होता. त्यांच्या गाडीचा डावा दिवा गेलेला निघाला, आणि तो केव्हा गेला हे घरात कोणालाच सांगता आले नाही.